अकरा डॉलर आणि एक टक्का

संध्याकाळी दवाखान्यातल्या नोकरीवरून आली की माझी बायको चपला काढायची, पर्स खुर्चीवर टाकायची आणि पाणी पिण्याआधी विचारायची, "आज किती?"

मी तिच्या आधी घरी पोचलेला असायचो. लॅपटॉप उघडून बसलेलो असायचो. मी म्हणायचो, "शून्य." कधी "अर्धा." कधी "नुसती चांदणी." ज्या उमेदवाराला मोजण्याइतकेही लोक सापडत नाहीत त्याच्या नावापुढे आकडा छापत नाहीत, एक छोटी चांदणी छापतात, हे आम्हाला त्या वर्षी कळलं. चांदणी म्हटलं की ती चहा टाकायला जायची. आत साखरेचा डबा जरा जोरात बंद केल्याचा आवाज यायचा.

अमेरिकेच्या राजकारणात आम्हा दोघांना काडीचा रस नव्हता. आम्ही अबुधाबीत राहणारी पुण्याची माणसं. मी तेल कंपनीच्या एका कंत्राटदाराकडे कागदपत्रं सांभाळतो. कुठल्या नकाशाची कुठली आवृत्ती शेवटची, हे सांगणं एवढंच माझं काम. ती एका दवाखान्यात विम्याचे दावे बघायची. पण आमची एकुलती एक मुलगी अमेरिकेत संख्याशास्त्र शिकली आणि तिला पहिली नोकरी लागली ती एका उमेदवाराच्या प्रचाराच्या ऑफिसात. एका पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवायला त्या वेळी वीसहून जास्त लोक उभे होते. मतदान लांब होतं. तरी दर आठवड्याला कुणी ना कुणी लोकांना फोन करून विचारत होतं की तुम्ही कुणाला निवडाल, आणि त्याचे आकडे छापून येत होते. आमच्या मुलीच्या बाई त्या रांगेत अगदी शेवटी. पूर्वी शाळेत गणित शिकवत, मग आपल्या राज्याच्या सिनेटमध्ये निवडून आल्या. त्यांच्या राज्याबाहेर त्यांना कोणी ओळखत नव्हतं. आमच्या घरात मात्र त्यांचा आकडा रोज निघायचा, जसा आजारी माणसाचा ताप निघतो.

कारण साधं होतं. शिक्षण संपल्यावर तिकडे थोडा काळ काम करायची परवानगी मिळते, पण हातात नोकरी असली तरच. नोकरी गेली तर थोड्या आठवड्यांत दुसरी शोधायची, नाहीतर निघायचं. निघून यायचं कुठे? ती इथे जन्मली, इथे शाळेत गेली, पण हे घर माझ्या नोकरीवर उभं आहे. माझी निवृत्ती जवळ येत चाललेली. पुण्यात आमचा फ्लॅट आहे, पण पुणं तिच्यासाठी सुट्टीतलं गाव. आणि त्या वर्षी पक्षाने नियम केला होता की उमेदवारांच्या पहिल्या जाहीर वादविवादात उभं राहायचं असेल तर पाहणीत एक टक्का तरी मिळवून दाखवा, नाहीतर छोट्या देणगीदारांची ठरावीक संख्या गाठा. त्या मंचावर जो दिसणार नाही त्याला पुढे कोण पैसे देणार? पैसे नाहीत तर ऑफिस बंद. ऑफिस बंद तर आमची मुलगी.

या एका टक्क्यावर आम्ही दोघं एवढे का लटकलो होतो ते सांगायचं तर २००८ सालाकडे जायला हवं.

तेव्हा मी दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये बांधकाम सल्लागारांच्या एका कंपनीत होतो. खाली तळ्याकाठी फरशा बसवणं चालू होतं, आजूबाजूच्या निम्म्या इमारतींवर क्रेन उभ्या होत्या. मग क्रेन हलेनाशा झाल्या. आमच्या मजल्यावर आधी रंगीत प्रिंट काढणं बंद झालं, मग चहा बंद झाला, मग माणसं जायला लागली. रोज सकाळी लिफ्टमधून उतरल्यावर मी आधी कुणाच्या टेबलावर पाण्याची बाटली नाही ते बघायचो. एका सकाळी मॅनेजरने मला आत बोलावलं. तो पाकिस्तानी होता, सभ्य माणूस. म्हणाला, "भाईसाब, खलास." पुढच्या महिन्यात तोही गेला.

व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायला जी मुदत मिळते ती आम्ही जवळजवळ सगळी वापरली. मी अबुधाबीला बसने मुलाखतींना जायचो, ती घरी सामान भरायची. सर्वांत आधी तिने मुलीची पुस्तकं भरली, प्रत्येक खोक्यावर मार्करने लिहून: सातवी, मराठी, सातवी, गणित. मुदत संपत आली तेव्हा अबुधाबीची ही नोकरी लागली. सामान परत काढलं, पण खोकी तिने टाकली नाहीत. सपाट करून, दोरीने बांधून कपाटामागे उभी केली. अबुधाबीत घर बदललं तेव्हाही ती सोबत आली. मी एकदा म्हणालो की आता टाकू या, जागा अडते. तिने फक्त माझ्याकडे बघितलं. नंतर माझ्या कंपनीचं कंत्राट नवं व्हायची वेळ आली की ती त्या खोक्यांवरची धूळ झटकायची. मुलीने प्रचाराची नोकरी धरल्याचं सांगितलं त्या शुक्रवारीही मी तिला कपाटामागे फडकं घेऊन वाकलेली पाहिलं.

मुलगी रोज आमच्या संध्याकाळी, तिच्या सकाळी, ऑफिसला जाता जाता फोन करायची. आई मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. असंच तिच्या लहानपणापासून चालत आलेलं. पाहणी म्हणजे काय ते तिने आईला समजावलं. थोड्याशा लोकांना विचारून सगळ्यांचा अंदाज बांधायचा, म्हणून आकडा तीन-चार टक्के इकडेतिकडे धरायचा. आईने विचार केला आणि म्हणाली, "तीन-चार इकडेतिकडे, आणि आपल्या बाईंना अर्धा. म्हणजे बाई आहेत की नाहीत हेच नक्की नाही." तिकडे मुलगी हसली. इकडे फोन ठेवल्यावर ही बराच वेळ खिडकीशी उभी राहिली.

पाहणीच्या आकड्यावर आपला काही इलाज नाही, हे तिला लवकरच उमगलं. पण देणगीदारांची संख्या तिला कळत होती. किंबहुना तिच्याइतकी ती फार थोड्यांना कळत असेल. लग्नाआधी पुण्यात सोसायटीच्या गणपतीची वर्गणी दहा वर्षं तिने गोळा केली होती. ती सांगायची, वर्गणीत रकमेला महत्त्व नाही, घरं किती झाली त्याला महत्त्व. एका घराने पाच हजार दिले तर गणपती त्या घराचा होतो. शंभर घरांनी अकरा-अकरा दिले की तो सोसायटीचा. अमेरिकेतल्या पक्षाने हाच नियम केलाय हे ऐकून तिला त्या पक्षाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

एके दिवशी जेवताना तिने मला सहज विचारलं की आपण बाईंना थोडे पैसे पाठवू शकतो का. मी घाबरलो ते इथल्या कायद्याला. इथे परवानगीशिवाय लोकांकडून पैसे गोळा करणं गुन्हा आहे. आपल्याकडचे लोक घरच्या गणपतीलासुद्धा वर्गणी हा शब्द वापरत नाहीत. मी तिला सांगितलं, कुणाकडूनही एक दिरहम हातात घ्यायचा नाही. ग्रुपवर लिहायचंसुद्धा नाही. ती म्हणाली, "अहो, मला कळतं तेवढं." मी परत ताटात डोकं घातलं. काळजी करायची ती मी केली होती, फक्त चुकीच्या देशाची.

चैत्रातल्या एका शुक्रवारी, तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे, शारजात रोल्लाला हळदीकुंकू होतं. तिच्या एका मैत्रिणीकडे. या बाई पस्तीस वर्षं रोल्लात राहत होत्या, नवऱ्याचं कापडाचं दुकान खाली आणि घर वर. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. त्यांच्याकडे चैत्रगौरीला दुबई, शारजा, अजमानहून बायका यायच्या. कैरीची डाळ, पन्हं आणि भिजवलेले हरभरे. मी तिला सोडलं आणि दुकानात त्यांच्या यजमानांशी बोलत बसलो. परतताना गाडीत तिचा चेहरा समाधानी होता. मला वाटलं पन्ह्याचा परिणाम.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, शुक्रवारीच, दुपारचं जेवण उरकत असताना मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे जेमतेम उजाडलं होतं. ती केस न विंचरता बसलेली. आणि ती मराठीत बोलली. तेवढ्यावरूनच मी ताट बाजूला सारलं.

"आई, माझ्या पत्त्यावर कोण कोण राहतं?"

"तू राहतेस. आणि ती तुझी मैत्रीण."

"आणि अजून पंचवीस-तीस बायका?"

आईने हातातली वाटी खाली ठेवली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हळदीकुंकवाला हिने कुणाकडून पैसे घेतले नव्हते. माझं ऐकलं होतं. पन्हं पिता पिता बायकांनी आपापल्या फोनवर बाईंच्या प्रचाराचं पान उघडलं आणि आपापल्या कार्डावरून पैसे दिले. रोल्लाच्या वहिनींनी सुरुवात केली. प्रत्येकीने अकरा डॉलर. वीस का नाही, दहा का नाही, असा प्रश्नही कुणाला पडला नाही. शकुनाचे ते अकरा. मग पानावर पत्ता विचारला, आणि अमेरिकेचा पिनकोड टाकल्याशिवाय पान पुढे सरकेना. आता इथे कुणाच्याही घरी पोस्टमन येत नाही. पिनकोड हा प्रकारच नाही. नवऱ्याच्या ऑफिसचा पोस्टबॉक्स नंबर हाच आपला पत्ता, आणि त्या एका नंबरावर दोनशे माणसांची पत्रं येतात. आम्ही सगळे जन्मभर असेच दुसऱ्याच्या पत्त्यावर राहिलेले. तेव्हा बायकांनी विचारलं, पत्ता कुठला टाकायचा? हिने मुलीचा सांगितला. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याखाली एक चौकोन होता, मी अमेरिकेची नागरिक किंवा कायमची रहिवासी आहे, असं कबूल करणारा. तो सगळ्यांनी टिक केला, जसे आपण सगळेच चौकोन टिक करतो.

मुलीने दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे परदेशी माणसाने तिकडच्या निवडणुकीत एक डॉलरही द्यायला बंदी आहे. दुसरी त्याहून वाईट होती. ऑफिसच्या वकिलाच्या यादीत एकाच दिवशी, एकाच पत्त्यावरून, नेमकी एकाच रकमेची पंचवीस-तीस नावं दिसली होती, आणि तो पत्ता ऑफिसातल्या, देणगीदारांचे आकडे सांभाळणाऱ्या मुलीचा होता. वकिलाला वाटलं, संख्या वाढवायला हिनेच खोट्या नावांनी आपले पैसे भरले. तसं असलं तर नोकरी जाणं ही त्यातली सगळ्यात लहान गोष्ट होती.

"दे थिंक आय मेड यू ऑल अप," ती म्हणाली. "बाबा, दे थिंक आई इज नॉट रिअल."

आईने कागद-पेन पुढे ओढलं. मला तिची दवाखान्यातली सवय माहीत होती. विम्याचा दावा नाकारला गेला की ती आधी कागद समोर घ्यायची आणि कशामुळे नाकारला ते मोठ्याने वाचायची. तिने मुलीला विचारलं की वकिलाला काय हवंय. वकिलाला लेखी खुलासा हवा होता, आणि प्रत्येक कार्ड खरंच त्या त्या बाईचं आहे याचा पुरावा. सोमवारपर्यंत. तोवर मुलीला ऑफिसात कॉम्प्युटर उघडायची परवानगी नव्हती.

त्या दुपारी तिने एकेकीला फोन लावले. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकत होतो. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं, माफी मागायची, आणि मग बँकेच्या स्टेटमेंटचा फोटो मागायचा. इथे स्टेटमेंट म्हणजे पगार किती, कर्ज किती, कार्डावर काय काय थकलंय, सगळं उघड. एकीचा नवरा फोनवर आला आणि इंग्रजीत बोलला. एकीने फोन उचललाच नाही. हिचा आवाज दर फोनला थोडा थोडा खाली जात होता. शेवटचा फोन रोल्लाला. स्पीकरवर ठेवला, कारण कान दुखायला लागला होता.

वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांकडे कोणी बँकेचं स्टेटमेंट मागतं का? ओटीत काय तेच घालणार होतीस?"

"वहिनी, चुकलं माझं."

"चुकलं ते आपलं सगळ्यांचं. मी सुरुवात केली ना? मी नाही म्हटलं असतं तर एकीनेही दिले नसते." मग जरा थांबून, "पाठवते फोटो. पण तुझ्या यजमानांना दाखवू नकोस हं. आमच्या दुकानाची अब्रू आहे त्यात."

मी ऐकतोय हे त्यांना माहीत होतं. त्यासाठीच त्या तसं म्हणाल्या असाव्यात. ही त्या दिवसात पहिल्यांदा हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली.

अंधार पडायच्या आत ज्या बाईने फोन उचलला नव्हता तिचाही फोटो आला. वहिनींनी तिला स्वतः फोन केला होता, हे पुढे कळलं.

खुलासा लिहायला आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. ती मराठीत सांगणार, मी इंग्रजीत लिहिणार. मी आयुष्यभर अशी पत्रं लिहिली आहेत, कमीत कमी शब्दांची. मी लिहिलं की सर्व व्यक्ती खऱ्या आहेत, पैसे त्यांचे स्वतःचे आहेत, आमच्या मुलीला याची कल्पना नव्हती, पत्ता गैरसमजाने दिला गेला. वाचून दाखवलं.

"अकरा का ते नाही लिहिलं," ती म्हणाली.

मी म्हणालो की त्याची गरज नाही. वकिलाला ते समजणार नाही.

"तेच तर त्याला समजत नाहीये. सगळ्यांची रक्कम सारखी कशी, हाच त्याचा संशय आहे ना? मग लिहा की आमच्यात कुणाला काही द्यायचं तर शून्यावर थांबत नाहीत. दहावर थांबलं तर देणं संपलं. वर एक ठेवला की अजून येणं-जाणं राहणार, असा अर्थ. लिहा की आम्ही लग्नात असंच देतो, मुंजीत असंच देतो, देवापुढे असंच ठेवतो. आणि पोस्टबॉक्सचं लिहा. इथे तुमच्या कंपनीच्या पत्त्यावर किती माणसं आहेत ते लिहा."

मी लिहिलं. ते पत्र दीड पान झालं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात लांब पत्र. खाली सही तिची. इंग्रजीत सही करताना ती नेहमी आधी कोऱ्या कागदावर एकदा करून बघायची. त्या दिवशीही केली.

मग वाट पाहणं. अमेरिकेत शनिवार-रविवार, आमचा रविवार कामाचा. मी ऑफिसात एका नकाशाला चुकीचा आवृत्ती क्रमांक दिला, सोमवारी तो परत आला. ती जेवत होती, झोपत होती, पण "आज किती" विचारत नव्हती. मी लॅपटॉप उघडत नव्हतो. दोघंही मुलीला फोन करायला घाबरत होतो, कारण फोन केला तर तिला वाटेल आम्ही घाबरलो आहोत. खोकी होती तिथेच होती. त्यांच्याकडे मी बघायचो, आणि ती मला बघताना बघायची.

मंगळवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला. वकिलाने खुलासा मान्य केला होता. पैसे सगळ्यांना परत जाणार होते. मुलीला देणगीदारांच्या कामावरून काढून पाहणीच्या आकड्यांवर बसवलं होतं, म्हणजे जिथे बाईंचं शून्य मोजायचं तिथे. आणि वकिलाने तिला विचारलं होतं की तुझी आई पूर्वी कधी निवडणुकीत काम करायची का.

"नो, आय टोल्ड हिम. ओन्ली गणपती."

पैसे महिन्याभरात परत आले. रोल्लाच्या वहिनींचा फोन आला की अकरा गेले आणि बँकेने भाव बदलून पावणेअकरा परत दिले. "तुमच्या अमेरिकेने माझा एक दिरहम खाल्ला. म्हणजे आपले वीस रुपये." हा एक दिरहम त्या अजूनही काढतात.

पण बाईंचा आकडा हलला नाही. टक्का मिळेना, देणगीदार पुरेनात. वादविवादाच्या दिवशी मुलीने आम्हाला बघायला सांगितलं नव्हतं, तरी आम्ही बघितला, दुसऱ्या दिवशी, कामावरून आल्यावर. मंचावर कितीतरी माणसं उभी होती, एकमेकांच्या मध्ये बोलत होती. आमच्या बाई त्यात नव्हत्या. ती पदर हातात घेऊन बसली होती आणि मधूनच म्हणत होती, "हिचा काय आहे टक्का? याचा?" जणू त्यांतल्या कुणीतरी आमच्या बाईंचा एक उचलून नेला होता.

उन्हाळा ओसरायच्या आत ऑफिस बंद झालं. मुलीने जागोजाग अर्ज केले. पाहणीच्या कंपन्या, बँका, विद्यापीठं. परवानगीची मुदत संपत चाललेली, आणि कामाची परवानगी थोडीच उरलेली मुलगी कोण घेणार? इकडे माझी बायको पुन्हा तीच झाली जी २००८ साली होती. मुलीशी बोलताना आवाज मोकळा, फोन ठेवला की खोल गेलेला. मी तिला धीर देताना स्वतःच्याच शब्दांवर विश्वास नाही असं बोलायचो. ती ते ओळखायची आणि मला धीर द्यायची. आमच्यात असं उलटसुलट चालायचं.

मुलगी परत आली, दोन बॅगा घेऊन, व्हिजिट व्हिसावर. जिथे जन्मली तिथे पाहुणी म्हणून. अबुधाबीच्या विमानतळावर आम्ही कठड्याशी उभे होतो. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. ती बाहेर आली, बारीक झालेली, ट्रॉली ढकलत. आईने तिला जवळ घेतलं नाही आधी. दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि विचारलं, "शेवटी किती झाले गं?"

मुलीने ट्रॉली सोडली. मग म्हणाली, "एक. ऑफिस बंद व्हायच्या आधी केलेला पोल नंतर आला. एक टक्का."

"म्हणजे बाई होत्या खऱ्या," ही म्हणाली.

दोघी तिथेच हसायला लागल्या, ट्रॉली आडवी घालून, मागची माणसं खोळंबली तरी. मी बॅगा उचलल्या. गाडीत बसल्यावर मला आठवलं की मी मुलीला कशी आहेस हेही विचारलेलं नाही.

पुढचं थोडक्यात लिहितो, कारण ते लिहायला मला वेळ लागतो. मुलीला नोकरी लागली ती जुमेरा लेक टॉवर्समध्ये, बाजाराची पाहणी करणाऱ्या एका कंपनीत. लोकांना साबणाबद्दल, बँकेबद्दल, विमान कंपनीबद्दल काय वाटतं ते मोजायचं. मी ज्या इमारतीत होतो ती तिच्या खिडकीतून दिसते म्हणे. आता क्रेन नाहीत. मग सगळं जग घरात बसलं तेव्हा तीही आमच्या आतल्या खोलीतून काम करायला लागली. त्याच काळात हिचा आजार निघाला. मुलगी अमेरिकेत राहिली असती तर त्या महिन्यांत तिला येताच आलं नसतं, असं लोक मला सांगतात, चांगल्या मनाने. मला त्याचा हिशेब जमत नाही. हिलाही जमला नव्हता. ती शेवटपर्यंत मुलीच्या व्हिसाची तारीख विचारायची.

रिपोर्ट मुलगीच बघायची. संध्याकाळी ती आईच्या पलंगाशी बसायची आणि आई विचारायची, "आज किती?" मुलगी आकडा सांगायची. वाईट आकडा असला तर म्हणायची, "तीन-चार इकडेतिकडे धर, आई." आई म्हणायची, "धरते." तेव्हा मुलगी मराठीत बोलायला लागलेली होती. केव्हापासून, ते मला सांगता येणार नाही. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

ही गेल्यावर रोल्लाच्या वहिनी आल्या. या वयात शारजाहून एकट्या बसने. निघताना मुलीच्या हातात पाकीट देऊ लागल्या, आणि मग थबकल्या. पाकीट उघडून त्यातला वरचा एक दिरहम काढून घेतला. दुःखाच्या घरी वरचा एक ठेवत नाहीत, येणं-जाणं पुन्हा अशा कारणाने होऊ नये म्हणून. मुलीला हे माहीत नव्हतं. वहिनींनी तिला ते दाराशी उभं राहून समजावलं, आणि ती ऐकत राहिली, मान हलवत, जसं एकदा तिच्या आईने तिचं ऐकलं होतं.

माझी निवृत्ती पुढच्या वर्षी आहे. मी पुण्याला जाईन, मुलगी इथे राहील, तिच्या नोकरीच्या व्हिसावर. तिची नोकरी टिकेल का, याची काळजी आता मी एकटाच करतो, आणि दोघं मिळून करायचो त्यापेक्षा ती जड जाते. सामान भरायला काढलं तेव्हा कपाटामागची खोकी सापडली. दोरी कुजली होती, पुठ्ठा अजून घट्ट होता. सातवी, मराठी. सातवी, गणित. मी माझी पुस्तकं त्यांत भरतो आहे. तिची अक्षरं खोडलेली नाहीत.

मुलगी दुबईहून रोज फोन करते, साधारण त्याच वेळी. डॉक्टरांनी मला रोज रक्तदाब मोजायला सांगितलंय. ती इकडचं तिकडचं काही बोलत नाही आधी.

"बाबा, आज किती?"

मी सांगतो. आणि वर तीन-चार इकडेतिकडे धर, असंही सांगतो.